पंपहाऊसची भिंत आणि माझी माणसं

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात माणसं एकत्र येतात ती रात्री. भजन रात्री, नाटकाच्या तालमी रात्री, पौषातले बायकांचे धालो नाच रात्री, शिगम्यातलं झर्मे नि करंझोळ गावांतलं रणमालें हे लोकनाट्यही रात्रीचंच. दिवसा ज्याचा त्याचा कामधंदा असतो. कोण डिचोलीला, कोण पणजीला, कोण आपल्या माडा-पोफळीच्या कुळागरात. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की मग कुठे गाव गोळा होतं.

मी गेली बरीच वर्षं रात्रपाळी करतो. वाळपईच्या पुढे, म्हादई नदीचं पाणी शुद्ध करणाऱ्या एका प्रकल्पावर ऑपरेटर आहे. गावाने मला कधी दूर लोटलं नाही. पण ‘तो रात्रीचा नसतो’ हे एकदा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं की तालमीची वेळ ठरवताना तुमचा विचार होत नाही. भजनी सप्ताहाचे पार, म्हणजे पाळ्या, वाटताना तुमचं नाव कोणी घेत नाही. शाळेत असताना देवळातली पेटी मी वाजवायचो. आता ती दुसरा मुलगा वाजवतो, आणि छान वाजवतो. यात कोणाचाच दोष नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पोंपों करत वाड्यावर येतो त्याच वेळी मी घरी पोचतो, उंडे घेतो, चहा पितो आणि झोपतो. उठतो तेव्हा गावातल्या कालच्या रात्रीच्या गोष्टी सांगून झालेल्या असतात.

प्रकल्पावरही मी अगदी एकटा नसतो. नदीतून पाणी उचलतात त्या इनटेकवर एक सहकारी असतो, गेटवर वॉचमन असतो. पण मध्ये अंतर आहे आणि बोलणं फोनवर, तेही कामापुरतं. दर तासाला रीडिंग घ्यायचं, रजिस्टरात लिहायचं, पॅनेलकडे लक्ष ठेवायचं. पावसाळ्यात म्हादई लाल होऊन येते. गढूळपणा चढला की तुरटीचा डोस वाढवावा लागतो. किती वाढवायचा ते जार टेस्ट करून ठरवायचं, नाहीतर निवळण टाकीत गाळ नीट बसत नाही आणि फिल्टर लवकर तुंबतात. तुंबले की उलट्या बाजूने हवा नि पाणी सोडून वाळू धुवायची. मुसळधार पावसाची रात्र अशी कामातच सरते. पण पावसाने उघडीप दिली की दोन रीडिंगांच्या मधे वेळ उरतो, आणि रात्री दोन-अडीचचा तो वेळ फार लांब असतो.

पंपहाऊसची बाहेरची भिंत चुन्याने रंगवलेली पांढरी आहे. तिच्यावर तेव्हा ट्यूबलाइट होती. मागे सागाचं वन, खाली ओहोळ, पलीकडे कोणाचं तरी कुळागर. मिरगाच्या आधीचे पहिले दोन-चार वळीव झाले की त्या भिंतीवर जे काही येऊन बसायचं ते पाहून मी रीडिंगची वेळ होईपर्यंत तिथेच उभा राहायचो. पानासारखे, सालीसारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे, सोन्याचा वर्ख लावल्यासारखे पतंग. फुलपाखरांचेच हे भाऊबंद, बहुतेक रात्री उडणारे. आपल्या देशात यांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी फक्त फोनवर फोटो काढून ठेवत होतो. दाखवायचे कोणाला, हा प्रश्नच होता. घरी सगळे झोपेतून उठायचे तेव्हा मी झोपायला जायचो.

माझी पुतणी साखळीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. चवथीला सगळे घरी जमलो तेव्हा तिने माझ्या फोनमधले फोटो पाहिले आणि विचारलं, “काका, हे तुम्ही कोणाला पाठवता?” कोणालाच नाही, म्हटल्यावर तिने गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधता बांधता मला आयनॅचरलिस्टवर खातं काढून दिलं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी २००८ साली पदव्युत्तर पदवीचा प्रकल्प म्हणून हे सुरू केलं. तुम्ही पाहिलेल्या कुठल्याही रानटी झाडाचा, किड्याचा, पक्ष्याचा फोटो तारखेसह आणि जागेसह टाकायचा. जगातलं कोणीही त्याची ओळख सुचवू शकतं. निदान दोघांचं मत पडलं आणि दोनतृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की त्या नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळते. परवाना मोकळा ठेवला असेल तर ती नोंद पुढे जीबीआयएफ या जीवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते आणि संशोधक ती वापरतात. पैसे कोणाला मिळत नाहीत. नाव काय लावायचं तेही आपल्यावर. मी माझं खरं नाव लावलेलं नाही. तिथे बरेचजण मला भिंतीवरून ओळखतात.

पहिल्यांदा टाकला तो हिरवा पतंग. सैनिकांच्या कपड्यांवर असतात तसे हिरवे-गुलाबी पट्टे, विमानासारखे मागे खेचलेले पंख. पुढचं रीडिंग घेऊन परत आलो तोवर केरळातल्या एका गृहस्थांनी नाव देऊन ठेवलं होतं: ओलिअँडर हॉकमॉथ, डॅफ्निस नेरी. नावाखाली त्यांनी एक प्रश्नही लिहिला होता. तुमच्या आसपास कण्हेर किंवा तगर आहे का?

गेटजवळ तगरीचं झुडूप होतं. मी रोज त्याच्या बाजूने जात होतो. उजाडल्यावर जाऊन पानं उलटून पाहिली तर बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन मोठे निळे डोळे असावेत तशा खुणा. खरे डोळे नव्हेत ते, पाखरांना घाबरवण्यासाठीचे ठिपके. तिचाही फोटो टाकला. त्या गृहस्थांनी लिहिलं, आता ती तपकिरी होईल, मग खाली उतरून पालापाचोळ्यात कोश करील, झाडणाऱ्याला सांगून ठेवा. मी सांगून ठेवलं. वॉचमनने त्या कोपऱ्यात झाडू मारला नाही.

मला धरून ठेवलं ते त्या प्रश्नाने. नाव काय, हे पुस्तकातही मिळालं असतं. पण कुठल्यातरी लांबच्या गावातला माणूस माझ्या गेटजवळ काय उगवलंय हे विचारत होता, आणि त्याचं उत्तर फक्त माझ्याजवळ होतं. आमच्या त्या कोपऱ्यात रात्री दोन वाजता जागं असलेलं दुसरं कोणी नव्हतं. जी रात्रपाळी मला गावातून वजा करत होती तीच इथे कामी येत होती.

हळूहळू माणसं कळत गेली. केरळातले ते गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा जीव जिओमेट्रिड कुळावर. ज्यांच्या अळ्या पाठीची कमान करत चालतात, आणि जे स्वतः भिंतीला पंख सपाट चिकटवून बसतात, ते पतंग. बेल्जियममधली एक बाई संग्रहालयात काम करते, ती क्रॅम्बिड कुळातले लहान पतंग ओळखते. आमच्याकडे रात्रीचे दोन म्हणजे उन्हाळ्यात तिच्याकडे साडेदहा, तेव्हा झोपण्यापूर्वी ती माझ्या नोंदी पाहून घेते. आसामात चहाच्या मळ्यावर राहणारा एक मुलगा आहे, त्याला सगळंच आवडतं. आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाई. त्यांनी पहिल्यांदा मराठीत लिहिलं, “दादा, तुमच्या भिंतीवर येतंय ते आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवसांनी येतं बघा.” मधे डोंगराची एक रांग आहे. पाऊस, रान, पतंग सगळं सारखंच.

या माणसांची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. फोटोवरून जेवढं दिसतं तेवढंच ती बोलतात. पुष्कळ पतंग असे आहेत की जननेंद्रियांचं विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. अशा वेळी मोठमोठे जाणकार सरळ लिहितात, ‘प्रजातीच्या (जीनसच्या) पुढे जाता येणार नाही,’ आणि थांबतात. नाव देऊन टाकण्याचा मोह त्यांना होत नसेल असं नाही. पण खाली चुकीचं नाव राहिलं तर पुढचा माणूस त्यावरून चुकणार, ही जबाबदारी ते बाळगतात.

एका श्रावणात भिंतीवर तो प्रचंड पतंग आला, दोन्ही तळहात पसरून ठेवावेत एवढा. तांबूस-तपकिरी पंख, त्यांत काचेच्या खिडक्यांसारखे पारदर्शक त्रिकोण. याला प्रौढपणी खाण्यासाठी तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या बळावर थोडेच दिवस जगायचं, जोडीदार शोधायचा, संपायचं. मी फोटो टाकला तशी भराभर ‘अ‍ॅटलास’ म्हणून मतं पडली. त्यात एका फार मान असलेल्या जाणकारांचंही मत होतं. मग केरळातल्या गृहस्थांनी लिहिलं की दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या या मोठ्या पतंगाला वेगळी जात मानतात, अ‍ॅटॅकस तप्रोबॅनिस, तेव्हा पंखावरच्या खिडक्या आणि बाहेरची कड जवळून दाखवाल का? मी जवळून फोटो टाकले. दोन-तीन दिवस चर्चा चालली. आणि त्या मानाच्या जाणकारांनी आपलं आधीचं मत मागे घेतलं, का घेतलं ते सविस्तर लिहिलं, आणि विचारणाऱ्याचे आभार मानले. सगळ्यांसमोर. मी ते कितीदा तरी वाचलं. अशा माणसांच्यात आपण बसतो, याचा मला अभिमान वाटला.

पुढे वीज वाचवण्यासाठी प्रकल्पावरच्या ट्यूब काढून एलईडी दिवे बसवले. उजेड वाढला, पण भिंत ओस पडली. मी तसं लिहिलं तेव्हा उत्तरं आली. पतंगांना अतिनील उजेड जास्त खेचतो, आणि साध्या पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतो. कोणता छोटा दिवा पॉवर बँकेवर चालेल, किती अंतरावर लावायचा, डोळ्यांची काळजी काय घ्यायची, सगळं सांगितलं गेलं. दोडामार्गच्या बाईंनी सांगितलं नाही, पाठवलाच. खोक्यात घालून, वर्तमानपत्र गुंडाळून, डिचोलीला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. मी स्टँडवर जाऊन घेतला. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, माझ्याकडे दुसरा आहे, हा पडून होता. त्याच ड्रायव्हरकडे मी आईने केलेली फणसाची साटं पाठवली. तोवर आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

दिव्याभोवती पतंग का घुटमळतात याचं उत्तरही मला इथेच मिळालं. लहानपणापासून ऐकत आलो की दिवा म्हणजे त्यांना चंद्र वाटतो. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक संशोधन आलं. शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून पाहिलं, की उडणारे किडे उजेडाकडे आपली पाठ करतात. रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ, म्हणून पाठीवर उजेड असेल तर आपण सरळ उडतोय हे त्यांना समजतं. आपला दिवा मधे आला की ते बिचारे त्याच्याकडे पाठ वळवत वळवत फेऱ्यात अडकतात, दिव्याच्या वर गेले तर उलटे होऊन खाली पडतात. मी हे उलटं होऊन पडणं किती वर्षं पाहत होतो! आसामच्या त्या मुलाने दुवा पाठवला त्या रात्री मी दिव्यासमोर उभा राहून एकेकाची पाठ कुठे वळते ते पाहिलं. अगदी तसंच.

हे कळल्यापासून दिवा रात्रभर ठेवत नाही. तीनच्या सुमाराला बंद करतो. भिंतीवर बसलेले उजाडेपर्यंत तसेच राहिले तर दयाळ आणि बुलबुल येऊन वेचून खातात. तिथे सगळेच हे पाळायला सांगतात, आणि ते सांगणं मला योग्य वाटतं. पाहुण्याला बोलावलं तर त्याला सुखरूप परत जाऊ द्यायला हवं.

माझा मोठा भाऊ म्हणतो, फोनातली माणसं ती फोनातलीच. मला हे पटत नाही, पण तो का म्हणतो ते मी समजू शकतो. एका पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. स्कूटरवर मधे बसवून इस्पितळात नेलं ते वाड्यावरच्या दोघांनी. पेज करून आणली ती शेजारच्या मावशीने. भाऊ रात्रंदिवस उशाशी होता. या गोष्टी बेल्जियमहून होत नाहीत, आणि त्यांची बरोबरी मी कशाशीही करणार नाही. पण बरा होऊन फोन उघडला तेव्हा त्या बाईचा संदेश येऊन पडला होता. तुमच्या भिंतीवरून बरेच दिवस काही आलं नाही, सगळं ठीक आहे ना? आसामच्या मुलाचाही होता. मी रात्री कुठेतरी नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. भावाला तो संदेश वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण ‘फोनातली माणसं’ त्यानंतर त्याच्या तोंडून कमी ऐकू आलं.

तिथे कळलेलं गावातही येऊ लागलं. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी, भातात एकदा पांढऱ्या, पोचट ओंब्या दिसू लागल्या होत्या. भिंतीवर त्याच दिवसांत पिवळे पतंग येत होते, मादीच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. बेल्जियमच्या बाईने पाहताक्षणी सांगितलं, भाताचा पिवळा खोडकिडा. अळी खोडात शिरून आतून खाते, म्हणून ओंबी भरत नाही. मी ते फोटो वाड्यावरच्या शेतकऱ्यांना दाखवले, त्यांनी ते कृषी खात्याच्या माणसाला दाखवले. तेव्हापासून ओंब्यांत काही वेगळं दिसलं की माणसं मला थांबवून विचारतात, भिंतीवर काय आलंय? तालमीहून परतणारी पोरंही कधीतरी गेटपाशी मोटारसायकल थांबवतात. वॉचमन आत सोडत नाही, ते बरोबरच आहे, पण मी गेटवर जाऊन फोटो दाखवतो.

केरळातल्या गृहस्थांविषयी लिहायला मला वेळ लागतोय.

ते सागाच्या मळ्यांजवळ वाढलेले. आमच्या मागे सागाचं वन आहे म्हटल्यावर त्यांनी मला एक काम दिलं होतं. सागाची पानं फस्त करणारा एक पतंग आहे, हायब्लिया पुएरा. बसला की करडा; पंख उघडले की आत नारिंगी. मॉन्सूनपूर्व पावसानंतर साग पालवतो त्याच सुमाराला याचे लोंढे येतात आणि काही दिवसांत कोवळ्या पानांच्या नुसत्या शिरा उरतात. ते म्हणाले, दरवर्षी पहिला कधी दिसला ती तारीख लिहून ठेवा, पाऊस कधी पडला तेही. मी माझ्या एका वहीत गढूळपणाच्या आकड्यांशेजारी या तारखा लिहू लागलो. पहिला दिसला की त्यांना कळवायचं, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: आमच्याकडे आला, किंवा आमच्याकडे अजून नाही.

एका मे महिन्यात मी कळवलं, आणि उत्तर आलं नाही. काही आठवड्यांनी त्यांच्या प्रोफाइलवर मुलीने लिहिलं की ते गेले. त्यांनी दिलेल्या ओळखी तशाच राहतील, त्यांचे स्वतःचे फोटोही राहतील, ज्यांना उपयोग होईल त्यांनी जरूर करावा.

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. आईने कारण विचारलं. सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, “तो तुजो कोण लागता?” मला उत्तर सुचेना. नातं नव्हतं, जात-गाव माहीत नव्हतं, चेहरा फक्त एका लहान फोटोतला, तोही कॅमेऱ्यामागे अर्धा लपलेला. सुतक नाही, भेटायला जायला घर नाही. मी आईला फोन दाखवला. माझ्या एकेका फोटोखाली त्यांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तगरीचं, अळीचं, ‘झाडणाऱ्याला सांगून ठेवा’ हे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, एवढं शिकवलं म्हणजे गुरूच की तो, त्याच्या घरच्यांना चार शब्द लिही. आईच्या सांगण्यावरून मी त्यांच्या मुलीला लिहिलं. त्या वर्षीची सागाच्या पतंगाची तारीखही लिहिली. मुलीचं उत्तर आलं की बाबा तुमच्या भिंतीविषयी जेवताना सांगायचे.

त्यांच्या जाण्याने एक पोकळी झाली ती खरोखरीची होती. आमच्या भागातले जिओमेट्रिड ओळखणारं लगेच कोणी उरलं नाही, नोंदी तशाच पडून राहू लागल्या. तेव्हा मी त्यांनी ओळखलेल्या जुन्या नोंदी काढून बसलो. प्रत्येक ठिकाणी त्यांनी कारण दिलेलं होतं: मधला ठिपका पाहा, मागच्या पंखाची कड पाहा, ही रेघ इथे वळते. इतर कोणासाठी नाही तरी माझ्यासाठी ते पूर्ण पाठ्यपुस्तक होतं. सोप्या जातींपासून सुरुवात करून मी दुसऱ्यांच्या फोटोंवर मत द्यायला लागलो. कारण लिहिल्याशिवाय देत नाही. आणि जमेल तिथे एक प्रश्न विचारतो. तुमच्या आसपास कोणती झाडं आहेत? किती वाजता आला होता?

जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा जगभर मॉथ वीक म्हणून पाळतात, २०१२ पासून. दोडामार्गच्या बाईंनी त्यांच्या शाळेत पडदा लावायचं ठरवलं आणि मला बोलावलं. मी रजा काढली, पुतणीला बरोबर घेतलं. पाऊस होताच. व्हरांड्यात पांढरी चादर बांधली होती, समोर दिवा, आणि पंधरा-वीस पोरं पालकांसह. वनखात्याचा एक गार्डही आला होता. बाई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या निघाल्या. “दादा, या,” म्हणाल्या, आणि पुढे काय बोलावं ते आम्हा दोघांनाही काही वेळ सुचलं नाही. इतकी वर्षं रोज बोलत आलेली माणसं आम्ही, समोरासमोर नुसतं जेवण झालं का, बस मिळाली का, असंच चाललं. मग एका पोराने ओरडून सांगितलं की चादरीवर काहीतरी मोठं आलंय, आणि आम्ही दोघेही तिकडे वाकलो. हॉकमॉथ होता. बाई म्हणाल्या, मागचा पंख दिसायला हवा, मी म्हटलं, थांबा, हलेल. पुतणी मागून हसत होती. ती नंतर म्हणाली, काका, तुम्ही दोघं अगदी तिथे लिहिता तसंच बोलता.

त्या रात्री पोरांनी दिलेली नावं मला अजून आठवतात, कुठल्याच पुस्तकात नाहीत अशी. बाईंनी ती वहीत लिहून घेतली आहेत. मुलांना लॅटिन नावंही शिकवतात त्या, पण आधी त्यांचं त्यांना ठरवू देतात. मला ही पद्धत फार आवडली.

आता थोडं कामाचं. सत्तरी आणि डिचोलीतून आम्ही काहीजण नियमित नोंदी टाकतो. काणकोण, सांगे, धारबांदोडा इथलं माझ्या ओळखीत अजून कोणी नाही, आणि तिथे रान आहे, पाऊस आहे, दिवे आहेत. मोठा कॅमेरा लागत नाही. फोन पुरतो. फोटो वरून सरळ काढा, फ्लॅश थोडा लांबून द्या, मोजमापासाठी शेजारी नाणं ठेवा, पतंगाला हात लावू नका. दुर्मीळ काही सापडलं आणि जागा उघड करावीशी वाटली नाही तर ती झाकण्याची सोय आहे, ती वापरा. नाव माहीत नसेल तर नुसतं ‘पतंग’ म्हणून टाका, बाकीचं आम्ही पाहू. सागवनाजवळ राहत असाल तर हायब्लियाची तारीख मला जरूर कळवा, केरळातल्या तारखा आता येत नाहीत आणि वहीतला तो रकाना मला रिकामा ठेवायचा नाही. मराठीत विचारा, कोकणीत विचारा. उत्तर द्यायला मी रात्रभर जागा असतो.